काम येतंय ना, मग ते सांगता आलं पाहिजे : वाचकांचे नोकरीचे प्रश्न

मागच्या अंकात मी म्हटलं होतं की नोकरीबद्दल काय विचारायचं ते मोकळेपणानं विचारा, तर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आलेत की सगळ्यांना एका अंकात उत्तरं देणं शक्य नाही. पाच घेतलेत. मी कुपवाडला एका कारखान्यात आधी टाईम ऑफिसला आणि मग एचआरला अशी मिळून २६ वर्षं काढली, त्यामुळे जे सांगते ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं बघितलेलं आहे. आणि ही सगळी पत्रं वाचताना एकच गोष्ट परत परत जाणवली, आपल्याकडच्या पोरापोरींना काम येतं पण ते काम कुणाला सांगता येत नाही.

मॅडम, मी आयटीआय मशिनिस्ट. तीन वर्षं झाली कुपवाड एमआयडीसीत ठेकेदाराकडनं व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) आहे, हातात १४ हजार येतात. चाकणला तीसेक ठिकाणी बायोडाटा पाठवला, एकाचाही फोन नाही. वशिल्याशिवाय आमच्यासारख्याला नोकरी नाहीच का? – एक वाचक, कवठेमहांकाळ

तू बायोडाटा सोबत पाठवलास हे फार बरं केलंस. पहिलं अर्धं पान जन्मतारीख, धर्म, जात, उंची, वैवाहिक स्थिती, छंद क्रिकेट, आणि मग सगळ्यात खाली एक ओळ, ‘कुपवाड एमआयडीसी येथे व्हीएमसी ऑपरेटर म्हणून ३ वर्षे अनुभव’. अरे, ज्याच्यासाठी समोरचा तुला घेणार ती गोष्ट तळाला, आणि लग्नाच्या स्थळाला लागते ती माहिती वर! मी स्वतः असे बायोडाटे चाळलेत, एका जागेला दीडशे-दोनशे यायचे आणि एकेकाला अर्धं मिनिटसुद्धा मिळायचं नाही, तेवढ्या वेळात डोळा फक्त एवढंच शोधतो की हा कुठल्या मशीनवर होता आणि काय काय करतो.

म्हणून तुला फोनवर मी विचारलं की रोज नक्की काय करतोस, तर तू पहिल्यांदा म्हणालास ‘काय नाही मॅडम, जॉब लावायचा आणि काढायचा’. मग खोदून विचारलं तेव्हा एकेक निघालं. फॅनक कंट्रोल, पंपाची हाउसिंग, शिफ्टला पन्नास-पंचावन्न नग, टूल झिजला की ऑफसेट (मापाची दुरुस्ती) स्वतः देतोस, बोअर गेजनं माप घेतोस, ड्रॉईंग वाचता येतं, आणि सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, सुट्टीवर असला की फर्स्ट पीस तूच काढून क्वालिटीला दाखवतोस. हे ‘काय नाही’ आहे होय? ऑपरेटर आणि सेटर यांच्या पगारात जो फरक असतो तो याच गोष्टींचा असतो. हेच जसंच्या तसं लिही, नावाखाली लगेच, पाच-सहा ओळीत. मशीन कुठलं, कंट्रोल कुठला, काय बनवतोस, शिफ्टला किती, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती, मोजमाप कशानं, आणि सेटिंग कुठपर्यंत येतं. प्रोग्रॅम एडिट करता येत नसेल तर येतो म्हणून लिहू नकोस, ट्रायलला मशीनवर उभं केलं की दहा मिनिटात कळतं आणि मग जे येतं त्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. धर्म-जात-उंची काढून टाक. मोबाईल नंबर मोठा लिही, आणि तो नंबर चालू ठेव, रिचार्ज संपला म्हणून किती पोरांचे कॉल गेलेत ते मी बघितलंय.

दुसरी गोष्ट ठेकेदाराची. अनुभवाचा दाखला देत नाही म्हणतोस. तुझा पीएफ कापतात का ते आधी बघ, कापत असतील तर तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आहे, तो सॅलरी स्लिपवर असतो, उमंग अ‍ॅपवर पासबुक दिसतं आणि ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी दिसते, कुठल्या आस्थापनेत कधी लागलास आणि कधी सोडलंस ते तारखेसकट. ठेकेदारानं दाखला दिला नाही तरी हा सरकारी कागद तुझ्या अनुभवाचा पुरावा म्हणून चालतो, आम्ही तोच मागायचो. ठेकेदार बदलला तर नवीन यूएएन काढू द्यायचा नाही, जुनाच द्यायचा, आणि मधल्या मधे पीएफ काढून खायचा नाही, कारण सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो, आणि पेन्शनसाठी तर दहा वर्षं भरावी लागतात, मधेच पेन्शनचे पैसे काढून घेतले की ती वर्षं मोजणीतून जातात. पगार २१ हजाराच्या आत आहे म्हणजे ईएसआयमध्येही (कामगार विमा) तुझं नाव असायला पाहिजे, त्याचं कार्ड मागून घे, घरच्यांच्या दवाखान्याला उपयोगी पडतं. पीएफ कापूनही पासबुकात दिसत नसेल तर ते गप्प बसण्यासारखं नाही, पीएफ ऑफिसला तक्रार ऑनलाईन करता येते.

आणि यंदा आयटीआयमधून जे बाहेर पडतायत त्यांना आत्ताच सांगते, थेट ठेकेदाराकडं जाण्याआधी एक वर्षाची अ‍ॅप्रेंटिसशिप मिळते का बघा. १९६१ च्या कायद्याखालची रीतसर अ‍ॅप्रेंटिसशिप, नुसतं ट्रेनी म्हणून राबवणं नव्हे. शेवटी परीक्षा होऊन सर्टिफिकेट मिळतं, आणि रेल्वेच्या लेव्हल वनच्या, म्हणजे सुरुवातीच्या पदांच्या, भरतीत असं सर्टिफिकेट असणाऱ्यांसाठी २० टक्के जागा राखीव असतात. मिरज जंक्शनच्या आसपास राहून हे माहीत नसलेली पोरं मला भेटतात तेव्हा फार हळहळ वाटते.

वशिल्याचं म्हणशील तर ओळखीनं लागतात लोक, खोटं कशाला बोलू. पण ओळख म्हणजे आमदाराची चिठ्ठी नव्हे रे, तुझ्याबरोबर आयटीआयला असलेला जो पोरगा आज चाकणला मशीनवर उभा आहे तो म्हणजे ओळख. त्याला फोन कर आणि ‘काय असलं तर सांग’ असं म्हणू नकोस, ‘व्हीएमसी सेटरची जागा निघाली की सांग’ असं म्हण. पहिलं तो विसरतो, दुसरं त्याच्या लक्षात राहतं.

ताई, वय २९, बीए. सहा वर्षं एमपीएससी करतोय, त्यातली चार पुण्यात. दोनदा पूर्व पास झालो, मुख्यला अडकलो. वडील द्राक्षबागेवर खर्च भागवतात. आता गावी आलोय, घराबाहेर पडलं की लोक निकालाचं विचारतात म्हणून बाहेरच पडत नाही. सोडू का नको? आणि सोडली तर बायोडाटात सहा वर्षं काय लिहू? – एक वाचक, विटा

तुमचं पत्र दोन दिवस माझ्या टेबलावर होतं, काय लिहावं ते सुचत नव्हतं म्हणून नाही, तर घाईत लिहायचं नव्हतं म्हणून.

आधी एक आकडा. २०२३ ची तलाठी भरती आठवा, ४,६४४ जागा आणि अर्ज दहा लाखाच्या वर. म्हणजे एका जागेला दोनशेच्या पुढं माणसं. यातली जी राहिली ती सगळी आळशी होती का? कमी बुद्धीची होती का? जागाच नव्हत्या. हे तुम्ही स्वतःला आणि घरच्यांना एकदा शांतपणे सांगा, कारण तुमच्या पत्रात तीन वेळा ‘मी फेल गेलो’ असं आलंय आणि ते वाचून मला वाईट वाटलं.

सोडू का नको, हे मी ठरवणार नाही, पण कसं ठरवायचं ते सांगते. वयोमर्यादा खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, आणि माझ्या मते हीच गोष्ट घात करते, कारण ‘अजून नऊ वर्षं आहेत’ असं म्हणत म्हणत माणूस तिशी ओलांडतो. सरकारनं दिलेली तारीख धरू नका, आपली तारीख आपण धरा. त्यात २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, तुम्ही सहा वर्षं पर्याय निवडायची तयारी केलीत, आता पानं भरून उत्तर लिहायला लागणार. स्वतःला प्रामाणिकपणे विचारा की नव्यानं सुरुवात करायची ताकद आणि इच्छा आहे का. असेल तर वडिलांसमोर बसून तारीख सांगा, अमुक महिन्यापर्यंत, इतक्या परीक्षा, आणि ती वहीत लिहून ठेवा. नसेल तर आजच थांबलात तरी चालतंय, त्यात लाज कसली. आणि दोन्हीपैकी काहीही ठरलं तरी अर्धा दिवसाचं का होईना काम धराच, फक्त अभ्यास आणि फक्त वाट बघणं हे आता थांबवा. बाहेर न पडणं हे जे लिहिलंय ना, त्याची मला परीक्षेपेक्षा जास्त काळजी वाटते. घरात कुणाशी तरी बोला, झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर डॉक्टरकडं जा, टेलीमानसचा १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आता बायोडाटा. सहा वर्षं लपवू नका. काहीजण मित्राच्या दुकानातनं खोटा अनुभवाचा दाखला आणतात, तसलं करू नका. सरळ लिहा, ‘स्पर्धा परीक्षा तयारी, अमुक ते अमुक साल, राज्यसेवा पूर्व परीक्षा दोनदा उत्तीर्ण’. आणि खाली लिहा की या काळात काय येऊ लागलं. शासन निर्णय वाचून त्याचा सार काढता येतो, पंचायत राज, सहकार, महसूल यांचे कायदे माहीत आहेत, मराठीत नेमकं लिहिता येतं. इंटरव्ह्यूला विचारतीलच, तेव्हा मान खाली न घालता एवढंच म्हणायचं, ‘सहा वर्षं प्रयत्न केला, दोनदा पूर्व पास झालो, मुख्य निघाली नाही, आता नोकरी करायचं ठरवलंय आणि परत परीक्षेच्या वाटेला जाणार नाही.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणा, पण ते महत्त्वाचं आहे, कारण घेणाऱ्याला भीती एकाच गोष्टीची असते की हा चार महिन्यात जाहिरात निघाली की सोडून जाईल.

कुठं जायचं? आपला सांगली जिल्हा सहकाराचा आहे, साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ, सोसायट्या, सूतगिरण्या, आणि यांच्या ऑफिसांना कायदा कळणारी आणि लिहिता येणारी माणसं लागतात. सहकार खात्याची जीडीसी अँड ए म्हणून पदविका परीक्षा असते, पदवीधराला देता येते, बाहेरून अभ्यास करून, साधारण मे महिन्यात होते. सहकार कायदा, लेखापरीक्षण, हिशेब असे विषय असतात. तुमच्या अभ्यासाची सवय इथं थेट कामाला येते, आणि पतसंस्थेत किंवा बँकेत बढतीला ती धरतात, पुढं अनुभव झाला की लेखापरीक्षणाचं कामही करता येतं. सोबत टॅली शिका, तीन महिन्यात होतंय, आणि टायपिंगचं सरकारी सर्टिफिकेट नसेल तर काढा, मराठी ३० आणि इंग्रजी ४०, ते क्लार्कच्या परीक्षेलाही लागतं आणि खाजगीतही उपयोगी पडतं. शिवाय मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली, पदवीधराला महिना १० हजार विद्यावेतन ठरलं, १८ ते ३५ वयाला, नोंदणी ‘महास्वयं’ या सरकारी पोर्टलवर होते. ती कायमची नोकरी नाही हे लक्षात ठेवूनच बघा, पण पोर्टलवर आत्ता जागा दिसत असतील तर सुरुवातीला ऑफिसचा अनुभव म्हणून वाईट नाही.

तुमच्या विटा-खानापूर भागातली किती माणसं गलाईच्या कामाला, सोनं-चांदी गाळायला, परमुलखात गेली, भाषा येत नव्हती, ओळख नव्हती. तुमच्याच घरात कुणीतरी असेल बघा. त्यांच्याशी एकदा बोला, त्यांनी पहिलं वर्ष कसं काढलं ते विचारा.

मॅडम, पुणे विमानतळावर ग्राउंड स्टाफची नोकरी लागली असं व्हॉट्सअ‍ॅपवर ऑफर लेटर आलंय, पगार ३२ हजार. युनिफॉर्म आणि ट्रेनिंगचे ४,५०० रुपये भरायचे आहेत, नंतर परत मिळणार. भरू का? – एक वाचक, तासगाव

नको. एक रुपयासुद्धा नको. इंटरव्ह्यू न घेता लेटर आलं, लेटर विमान कंपनीच्या मेलवरनं नाही तर व्हॉट्सअ‍ॅपवरनं आलं, आणि पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर मागितले, एवढं पुरे आहे. आज ४,५०० भराल, उद्या मेडिकलचे आठ हजार मागतील, परवा लॅपटॉपचे. खरी कंपनी नोकरी द्यायला पैसे घेत नाही. आधार-पॅनचे फोटो पाठवले असतील तर बँकेच्या खात्यावर लक्ष ठेवा, आणि कुणी पैसे भरून बसलं असेल तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडकवता यायची शक्यता जास्त.

आखाती देशात जाणाऱ्यांसाठीही हेच, एजंट सरकारकडं नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर बघायचं, त्याला ३० हजार आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. जमीन गहाण ठेवून दोन-दोन लाख देऊ नका, आणि टुरिस्ट व्हिसावर कामाला तर कुणीही पाठवत असेल तरी जाऊ नका.

ताई, मी बीएस्सी मायक्रोबायोलॉजी. लग्नाआधी दोन वर्षं एका डेअरीच्या लॅबमध्ये होते. मग मुलं लहान, सासूबाईंचं आजारपण, यात आठ वर्षं गेली. आता धाकटा पहिलीत गेलाय. मला कोण घेणार? – एक वाचक, मिरज

‘मला कोण घेणार’ हे वाक्य तुम्ही इंटरव्ह्यूला तोंडावर घेऊन जाऊ नका, कारण ते न बोलताही दिसतं. मी कितीतरी बायकांच्या मुलाखती घेतल्या, मधली वर्षं काय करत होता असं विचारलं की उत्तर एकच, ‘काही नाही, घरीच होते.’ मला दरवेळी वाटायचं की हिला हाताला धरून बाहेर न्यावं आणि सांगावं की हे परत एकदा म्हण, नीट. तुम्ही असं म्हणा, ‘आठ वर्षं घरची जबाबदारी माझ्यावर होती, आता व्यवस्था लागलीय, मला पूर्णवेळ काम करायचंय.’ एवढंच. माफी मागितल्यासारखं बोलायचं नाही, आणि आजारपणाची सगळी कहाणीही सांगायची नाही.

तुमची ती दोन वर्षं अजून जिवंत आहेत. फॅट, एसएनएफ, एमबीआरटी, कॉलिफॉर्म, प्लेट काउंट, दुधाच्या या सगळ्या टेस्ट तुम्ही हातानं केल्यात ना? मग बायोडाटात पहिल्यांदा तेच. या टेस्टचं मूळ तंत्र काही बदललेलं नाही, मशीनं नवीन आलीत आणि कागदपत्रं वाढलीत. अन्नसुरक्षेचं एफएसएसएआयचं फोस्टॅक ट्रेनिंग असतं, थोडक्या वेळात होतं, ते करून घ्या, त्यानं हे दिसतं की बाई परत अभ्यासाला लागलीय. आणि मग बघा आपल्या जिल्ह्यात काय काय आहे, भिलवडी-इस्लामपूर पट्ट्यात दूध, तासगावचा बेदाणा, सांगलीची हळद, जिला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. परदेशी जाणाऱ्या हळदीचं कर्क्युमिन तपासतात, कीटकनाशकाचे अंश बघतात, अफ्लाटॉक्सिन बघतात, मसाल्यात साल्मोनेला निघाला तर माल परत येतो. हे सगळं बघायला मायक्रो आणि केमिस्ट्रीची माणसंच लागतात.

मिरजेत दवाखाने एवढे आहेत म्हणून तुम्हाला पॅथॉलॉजी लॅब सुचली असेल, पण तिथं टेक्निशियनला डीएमएलटी ही लॅबची पदविका मागतात, त्याला परत वेळ जाईल. मला विचाराल तर आधी फूड आणि डेअरी. दवाखान्यातच जायचं असेल तर इन्शुरन्सच्या कॅशलेस डेस्कला, किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र असतात तसल्या कामाला तुमचं शिक्षण आणि माणसांशी बोलणं दोन्ही उपयोगी पडेल.

एक व्यवहाराची गोष्ट. शिफ्ट जनरल आहे का, कंपनीची बस मिरजेतनं आहे का, शाळा सुटल्यावर मुलांना कोण बघणार, हे घरी आधी बोलून घ्या, नोकरी लागल्यावर नको. नवऱ्यानं काय करायचं तेही त्याच बैठकीत ठरवा. आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय ठेवायला कंपनी कायद्यानं बांधील आहे, ते विचारायला संकोच करू नका.

ताई, मुलगा बीई मेकॅनिकल, पुण्यात लागलाय. पॅकेज तीन लाख सांगितलं, म्हणजे महिना २५ हजार. पण हातात साडेवीसच येतात, वर खोलीभाडं. इथं पलूस एमआयडीसीत १७ हजाराची नोकरी मिळतेय. परत बोलावू का? – एक पालक, पलूस

दादा, कंपनीनं फसवलेलं नाही, हिशेब बघा. तीन लाखात कंपनीचा स्वतःचा पीएफचा वाटाही धरलेला असतो, बेसिक १५ हजार असेल तर महिना १,८००. ग्रॅच्युइटीचे सातशेच्या आसपास तेही त्यातच धरतात, जे पाच वर्षं टिकला तर मिळायचे अशी पद्धत. राहिले साडेबावीस. त्यातनं मुलाचा वाटा परत १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. म्हणून साडेवीस. पण ते दोन्हीकडचे मिळून ३,६०० दरमहा त्याच्याच नावावर जमतायत, ते गेलेले नाहीत. पलूसच्या १७ हजारात पीएफ आहे का, तो १७ कापायच्या आधीचा का नंतरचा, हे विचारल्याशिवाय तुलनाच करू नका.

खोली, मेस, बस जाऊन पुण्यात त्याच्या हातात सहा-सात हजार उरत असतील, आणि इथं घरी राहून बारा उरतील, हे खरं आहे. तरीपण मी पैशावर ठरवणार नाही. पहिली दोन-तीन वर्षं माणूस शिकतो कुठं ते बघायचं. तो तिथं काय करतो? डिझाईनला आहे, क्वालिटीला आहे, ड्रॉईंग आणि त्यावरच्या जीडी अँड टीच्या (मापांच्या) खुणा कळायला लागल्यात, कुणी सिनियर शिकवतोय, तर राहू द्या त्याला, दोन वर्षांनी तोच अनुभव घेऊन पलूस, कुपवाड किंवा शिरवळला चांगल्या जागेवर येता येईल. आणि जर बीई होऊन नुसता स्टोअरला चलन लिहीत बसलाय, वर्ष झालं तरी तेच, तर मग पुणं काय आणि पलूस काय, घरी येऊन मशीनशॉपला लागलेलं बरं, शंभर वर्षांपूर्वीपासून पलीकडं किर्लोस्करवाडीत पंप बनतायत, आपल्या भागात कारखान्याचं काम शिकायला जागा नाही असं नाही.

हे त्याला फोनवर विचारू नका, फोनवर पोरं ‘चाललंय बरं’ एवढंच सांगतात. पुढच्या सुट्टीला आला की विचारा, सकाळी गेल्यापासून संध्याकाळपर्यंत काय काय करतोस ते सांग, आणि मधे न बोलता ऐका. त्याचं ऑफर लेटर आणि पलूसवाल्यांचा कागद दोन्हीचे फोटो मला पाठवा, आकडे मी मांडून देते.